इटलीहून आणलेली बॅग

घोटा मोडला तेव्हा मी महादेवपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमधून काम करत होते. नवरा सकाळी ऑफिसला निघायचा आणि निघताना पाण्याची बाटली, गोळ्या आणि चार्जर माझ्या हाताशी ठेवून जायचा. पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर, आणि दिवसभर मीटिंगा. त्यातल्याच एका मीटिंगच्या शेवटी परदेशातली एक क्लायंट बाई कॅमेरा बंद करायला विसरली. माझ्यापेक्षा वयानं मोठी, पांढरे केस आखूड कापलेले. ती उठली, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली बॅग काढून तिनं खांद्याला लावली, कोपरानं जराशी मागे सारली आणि पडद्यावरून निघून गेली. मागे नुसती खुर्ची दिसत राहिली.

ती बॅग मला हवीशी वाटली.

मला बॅगांची हौस कधीच नव्हती. कंपनीनं दिलेली काळी सॅक मी झिप तुटेपर्यंत वापरायची आणि मग दुसरी मागायची. लग्नाकार्याला एक चंदेरी बटवा होता, तोही बहिणीनं दिलेला. पन्नाशीला आलेल्या बाईला अशी अचानक एखादी वस्तू हवीशी वाटली, की लोक त्यामागचं कारण शोधतात. नवऱ्यानंही विचारलं. मी म्हटलं, "छान आहे म्हणून." त्याला ते पुरेसं वाटलं नसावं, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. आजही नाही.

शोधताना कळलं, की ही बॅग एका इटालियन घराण्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी काढली होती आणि नंतर बनवणं बंद केलं. अर्धगोल आकार, तंबाखूच्या रंगाचं कातडं, पट्टा आणि बॅग जोडणारी पितळी कडी. नवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जगात जेवढ्या उरल्या असतील, त्या कुणा ना कुणाच्या खांद्यावरून उतरलेल्या. विकणारे अशा बॅगांना 'प्री-लव्ड' म्हणतात, म्हणजे आधी कुणीतरी प्रेम केलेल्या. मला हा शब्द लाडिक वाटायचा. वापरलेली म्हटलं असतं तरी चाललं असतं.

हळूहळू मला त्यातलं कळायला लागलं. खऱ्या बॅगेचे टाके किंचित तिरके असतात. आतला शिक्का कातड्यात दाबलेला असतो, वरून छापलेला नसतो. जुन्या बॅगांचं अस्तर कधीकधी आतून चिकट होतं आणि हाताला काळं लागतं. तसं असेल तर घेऊ नये. जपानी विक्रेते प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो देतात आणि बॅगेला कपाटाचा वास येत असेल तर तेही लिहितात. आपल्याकडचे विक्रेते बॅग पलंगावर ठेवून एक फोटो काढतात. त्यात बॅगेबरोबर चादर दिसते, उशीचा अभ्रा दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. मी बॅगा कमी आणि लोकांची घरंच जास्त बघायला लागले होते.

एकदा फसलेही. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेतीकडून मागवलेली बॅग रिबिन बांधलेल्या खोक्यात आली. उघडली आणि आतून नव्या चपलेच्या दुकानाचा वास आला. इतक्या जुन्या वस्तूला ताज्या गोंदाचा वास यायचं काही कारण नव्हतं. मी परत पाठवते म्हणाले, तर त्या बाईनं एका शब्दानंही वाद घातला नाही. तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली.

"झालं समाधान?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा शोधायला बसले.

प्लास्टर निघायच्या सुमाराला ती जाहिरात दिसली. लाल कावेच्या गुळगुळीत जमिनीवर बॅग आडवी ठेवलेली, खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्यावर आलेली. खाली इंग्रजीत एवढंच: इटलीत घेतलेली, फारशी न वापरलेली, बनशंकरी. विकणाऱ्याच्या नावाच्या जागी एक आद्याक्षर आणि जास्वंदीचं फूल. मी लिहिलं, तर लगेच उत्तर आलं. पुढचे काही दिवस आमचं इंग्रजीत लिहिणं चाललं. तिकडची वाक्यं आखीव असायची, शेवटी पूर्णविराम दिलेला. मी चेनचा फोटो मागितला, आला. शिक्क्याचा मागितला, तोही आला, बॅटरीच्या उजेडात काढलेला. मग तिकडून प्रश्न आला, "तुम्ही ती वापरणार, की ठेवून देणार?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "वापरणार," मी लिहिलं.

"मग शनिवारी दुपारी या."

बनशंकरी आमच्याकडून म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा बरोबर येतो म्हणत होता. मी नको म्हटलं. हातात काठी होती आणि पायात डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा. रिक्षावाल्याला शेवटची गल्ली सापडेना. "स्वल्प मुंदे," मी म्हणत राहिले, जरा पुढे, जरा पुढे. मला येणारं निम्मंअधिक कन्नड त्यातच संपतं.

घर जुनं, बैठं, पुढे छोटं अंगण. खिडक्यांचे गज काढून भिंतीशी रचून ठेवले होते. दाराशेजारची नावाची पाटीही काढलेली. तिथं नुसती खिळ्यांची भोकं. दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या एका बाईनं. उंच, सडपातळ, सुती साडी, चष्मा साखळीला लावून गळ्यात सोडलेला. इतके दिवस लिहिणारी व्यक्ती हीच, हे समजायला मला एक क्षण लागला. माझ्या डोक्यात कुणी तरुण मुलगी होती.

"तुमच्या पायाला लागलंय हे सांगायचं नाही का?" ती इंग्रजीत म्हणाली. "मी आले असते तुमच्याकडे."

तिनं मला खुर्ची दिली. त्या खोलीत तेवढी एकच खुर्ची उरली होती, आणि एक लोखंडी खाट. घर बिल्डरला दिलं होतं, त्या जागी चार मजली इमारत व्हायची होती. ती मुलीकडे हेब्बाळला राहायला जाणार होती. शिवणयंत्र, पितळी घागरी, रगडा, नवऱ्याचा रेडिओ, सगळं तिनं स्वतः फोनवर फोटो टाकून विकलं होतं. ते सांगताना तिच्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही. उलट रेडिओ घ्यायला आलेल्या माणसाला तो लागतच नाही हे आधीच कसं बजावलं, आणि तरी त्यानं कसा नेला, हे ती रंगवून सांगत होती.

मग तिनं आतून बॅग आणली, पांढऱ्या अभ्र्यात गुंडाळलेली.

मी खिडकीकडे वळून ती नीट पाहिली. टाके तिरके होते. शिक्का दाबलेला होता. अस्तर कोरडं, कडीवर वर्षं गेली की येते तशी मऊ झाक. कातडं मात्र जवळपास नवं. पट्ट्याची भोकंसुद्धा ताणलेली नव्हती. इतकी जुनी आणि इतकी कमी वापरलेली बॅग मी फोटोतही पाहिली नव्हती. मी ती खांद्याला लावून बघणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

आत आली ती माझ्यापेक्षा थोडी लहान बाई. डोळ्यांवर मोठा चष्मा, पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात रिकामी खोकी. ही मुलगी, हे तोंडावळ्यावरून लगेच कळलं. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्या मांडीवरची बॅग. खोकी खाली ठेवली आणि म्हणाली, "अम्मा, हे काय?"

आणि पुढचं सगळं मराठीत.

मी जागच्या जागी बसून राहिले. या शहरात कितीतरी पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली मराठी घरं आहेत हे मला ऐकून माहीत होतं. त्यांची मराठी कानावर मात्र कधी पडली नव्हती. शब्द ओळखीचे, चाल कानडी.

"विकतीये," आई म्हणाली.

"मला न विचारता?"

"तुला कशाला विचारू? रगडा विकला तेव्हा विचारलं होतं?"

"रगडा आणि ही सारखी का?"

"सुम्नेच कपाटावर पडलीये इतकी वर्षं," आई म्हणाली. कारणाशिवाय, उगाच, असा त्या शब्दाचा अर्थ मला भाजीवाल्यामुळे माहीत होता. "तू कधी हात तरी लावलास? ही बाई बघ. पाय मोडलेला घेऊन आलीये तेवढ्या लांबून."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेच्या कडीकडे पाहिलं.

"अम्मा, हे लोक धंदा करतात. आज तुझ्याकडून घेईल, उद्या फोटो टाकून दुप्पट भावात विकेल. आणि बघ तरी तिच्याकडे. ही अशी बॅग घेऊन फिरणारी बाई दिसते का?"

मी त्या दिवशी ढगळ कुर्ता घातला होता, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात पट्टा. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आपल्याबद्दल आपल्यासमोर इतकं सरळ बोललेलं मी प्रथमच ऐकत होते, आणि त्यात अपमानापेक्षा कुतूहल जास्त होतं, असं मला आठवतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पहिलं वाक्य ऐकून घेतल्यावर दुसऱ्या वाक्याला कसं थांबवायचं हे मला सुचेना, आणि तिसरं आलंच.

"मी अडीच वर्षांची होते," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "मला आजीपाशी टाकून गेलीस तू तिकडे. सगळे सांगतात, मी रोज फाटकाशी उभी राहायची. आणि सहा महिन्यांनी आलीस ती ही घेऊन."

"तुझ्यासाठी स्वेटर आणला होता की."

"तो मला झाला नाही, अम्मा. तू गेलीस तेव्हा मी होते तेवढीच आहे असं समजून तू आणलास. तो मला झालाच नाही."

 आईनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. बाहेर कुठंतरी इमारतीचं काम चालू होतं, त्याचा ठोक्यांचा आवाज येत होता.

मग मुलगी माझ्याकडे वळली आणि अगदी सौजन्यानं, इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, तुम्हाला उगाच त्रास झाला. माझ्या आईनं विचार बदललाय. बॅग विकायची नाही."

आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती तसं काहीच म्हणाली नव्हती, हे त्या खोलीत तिघींनाही माहीत होतं; फक्त तिसरीलाही ते माहीत आहे, हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं.

मी बॅग खाटेवर ठेवली.

"काकू," मी म्हटलं, "मला मराठी येतं. मी पुण्याची."

मुलीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. आई दोनदा "अय्यो" म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती हसत राहिली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की आणखी कशाचं, मी सांगू शकत नाही. मुलगी आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

"मी उठते," मी म्हटलं. "हे तुमच्या घरातलं आहे. तुम्ही दोघी ठरवा."

"बस गं. कॉफी केल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. लहानपणापासून असंच."

कॉफी येईपर्यंत आईनं मला बॅगेबद्दल सांगितलं. ती टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होती. तिच्या विभागातून एकाला इटलीला शिकायला पाठवायचं होतं, आणि परीक्षेत ती पहिली आली. सासूबाई नको म्हणाल्या, नवरा जा म्हणाला. तिकडे खाण्यापिण्यासाठी भत्ता मिळायचा. ती पाव आणि दही खाऊन राहिली आणि शेवटच्या आठवड्यात एका दुकानात शिरून तिनं ती बॅग घेतली. का घेतली, तर त्या गावातल्या कारखान्यात तिच्याबरोबर ड्रॉइंग काढणाऱ्या बाया अशा बॅगा घेऊन यायच्या.

"आल्यावर पहिल्या दिवशी मी ही घेऊन कामावर गेले," ती म्हणाली. "कँटीनमध्ये सगळ्या बायांनी हातात घेऊन बघितली. एकीनं वास घेतला. संध्याकाळी घरी आले, तर सासूबाई बोलल्या काही नाहीत. नुसती उचलली आणि कपाटावर ठेवली, वरती, माझा हात पोचणार नाही तिथं. म्हणजे स्टूल घेतलं असतं तर पोचला असता. मी घेतलं नाही. डबा न्यायला कापडी पिशवी बरी पडायची."

मुलगी कॉफीचे पेले घेऊन आली तेव्हा तिनं यातलं शेवटचं ऐकलं असावं. तिनं माझ्या हातात पेला दिला आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "मी जे बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"कुर्त्याबद्दल तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण खाली जमिनीवर बसली, आईच्या खाटेला टेकून.

"आता तूच सांग," आई मला म्हणाली. "कुणाची बॅग?"

"काकू, मी गिऱ्हाईक आहे. मला ती हवी आहे. माझं मत धरू नका."

आई यावर विचार करत कॉफी प्यायली. मग तिनं बॅग उचलून मुलीच्या मांडीवर ठेवली. "तू ने. पण कपाटावर ठेवायची नाही. रोज कामाला जाताना घ्यायची, महिनाभर. जमलं तर तुझी. नाही जमलं तर हिची. सरी?"

"हे काय अम्मा, पोरखेळ?"

"सरी म्हण."

मुलीनं बॅगेची चेन उघडून पुन्हा लावली. "सरी," ती शेवटी म्हणाली, ठीक आहे अशा अर्थानं. आमचे नंबर एकमेकींकडे गेले, मी काठी घेऊन उठले आणि रिकाम्या हातानं घरी आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू तिथं जाऊन त्यांचं भांडण ऐकून आलीस." मी म्हटलं, थोडक्यात तसंच.

त्या महिन्यात माझा पट्टा निघाला, मी ऑफिसला जायला लागले. मधेच एका जपानी विक्रेत्याकडे अगदी तशीच बॅग आली. रंग तोच, कडी तीच, बनशंकरीच्या बॅगेइतकी चांगली नाही पण चांगली. मी ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि ती दुसऱ्या कुणी घेतली. मी का घेतली नाही हे नवऱ्यानं विचारलं नाही, आणि मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आपण वाट बघतो आहोत हे मला माहीत होतं. ती बॅग आपल्याकडे यावी म्हणून, की येऊ नये म्हणून, हे स्पष्ट नव्हतं.

महिना व्हायच्या आतच मुलीचा फोन आला. तिचं आमच्याच भागात एका कंपनीत काम निघालं होतं. मला दुपारी खाली येता येईल का, असं तिनं विचारलं. मी गेले. ऑफिसच्या आवारात झाडांखाली दगडी बाकं आहेत, तिथं ती बसली होती. पाठीला तीच सॅक आणि खांद्याला बॅग.

"लॅपटॉप बसत नाही हिच्यात," ती म्हणाली. "रोज दोन ओझी घेऊन जायची मी."

"एवढंच?"

"नाही." तिनं सॅक काढून शेजारी ठेवली. "पहिले दोन-चार दिवस बरं वाटलं. कुणी कुणी विचारायचं, मी सांगायची, आईची आहे. मग मला दिसायला लागलं, की सकाळी ही खांद्याला लावली की मला राग येतो. रोज. गाडीत बसेपर्यंत मी रागानं भरलेली असायची. कुणावर, तेही नीट कळायचं नाही. अम्मावर, आजीवर, त्या गावातल्या त्या बायांवर. इतकी वर्षं ती कपाटावर होती तेव्हा मला फक्त एवढंच वाटायचं, की ती माझी आहे. खाली उतरवल्यावर हे सुरू झालं."

 तिच्याशी माझी ओळख एका कॉफीएवढी. एक मुलगा चहाचे पेले गोळा करत फिरत होता, तो आमच्या बाकाशी आला आणि काही नाही बघून पुढे गेला.

"काकूंना सांगितलंत?"

"काल सांगितलं. मला वाटलं, ती बोलेल काहीतरी. स्वतःबद्दल, तेव्हाबद्दल. माफी नको होती मला, पण काहीतरी. ती म्हणाली, सरी. आणि मग विचारलं, रात्री जेवायला अन्नसारू करू का."

तिनं बॅग मांडीवर घेतली आणि त्यातल्या वस्तू एकेक काढून सॅकमध्ये टाकायला लागली. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, चार्जर, ओळखपत्र, सेफ्टी पिना. सगळं काढून झाल्यावर बॅग उलटी करून तिनं झटकली, आतून हात फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे दिली. ठरलेले पैसे मी तिथंच तिच्या आईला पाठवले. निघताना ती म्हणाली, "घेऊन फिरा. मला कुठं दिसली तर मी नमस्कार करीन." हा विनोद होता की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

बॅग आता माझी होती. इतके महिने शोधत असताना हा क्षण कसा असेल याची मी काही कल्पना केलेली होती असं नाही, तरी मी काहीतरी घडायची वाट बघत होते. काही घडलं नाही. खांद्यावर ती चांगली बसली. कातडं ऊन लागून कोमट झालं होतं. मी वर जाऊन एका मीटिंगला बसले.

दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागले. ऑफिसातल्या एका तरुण मुलीनं बॅगेचं नाव ओळखलं आणि खरी आहे का, असं हळूच विचारलं. मी हो म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि मी तो बसवायचा प्रयत्न केला नाही. लॅपटॉपसाठी मीही वेगळी पिशवी घ्यायला लागले. मला त्याचा राग येत नव्हता, एवढाच काय तो फरक.

नंतर एकदा काकूंनी मला जेवायला बोलावलं. हेब्बाळला, मुलीच्या फ्लॅटवर. मुलगी कामावर होती. ती असताना बोलावलं नाही हे मला बरंच वाटलं. बनशंकरीचं घर तोवर पाडून झालं होतं. काकू बघायला गेल्या नव्हत्या. बाल्कनीतून तळ्याची एक पट्टी दिसत होती आणि त्याच्या अलीकडे उड्डाणपुलावरची वाहतूक.

जेवण झाल्यावर त्यांनी बॅग मागितली. मी दिली. त्यांनी ती मांडीवर घेऊन उघडली. आत छत्री होती, डब्याचा चमचा, अर्धं उरलेलं बिस्किटांचं पाकीट, रिक्षासाठी सुट्टी नाणी, पायाला लावायचं मलम. त्या बराच वेळ आत बघत राहिल्या, एखाद्या अनोळखी घराच्या खिडकीतून बघावं तशा. मलमाची ट्यूब काढून तिच्यावरचं लिहिलेलं वाचलं आणि परत ठेवली.

"किती कोंबलंयस गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात वापर."

"हो की." त्यांनी चेन लावली. बॅग माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "माझ्या लेकीला इथली लिफ्ट आवडते, मला नाही आवडत. दार उघडलं की बाई बोलते आतून. कोण बोलतंय ते दिसत नाही." मग त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या, दार बंद होईपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या, आणि आतल्या आवाजानं मला कितवा मजला ते सांगितलं.